कमी पाण्यावरची फुलझाडे

दारात एखादे फुलझाड असावे, असे कोणाला वाटत नाही? देवाला चार फुले होतात. लेकीबाळींना केसात माळायला होतात. दमून शेतातून आल्यावर दाराशी फूल दिसले, की जीवाला बरे वाटते.

पण आपला धाराशिव जिल्हा पडला कोरडा. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो. आपल्यापर्यंत येईतो त्यांतले बरेच पाणी सरलेले असते. आपल्याकडे वर्षाला साधारण 600 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. तोही जून ते ऑक्टोबर एवढ्याच दिवसांत. उरलेले सात महिने आभाळ कोरडे. मग माणसाला पाणी पुरत नाही, तिथे फुलझाडाला कुठून घालायचे?

हा प्रश्न आम्हांला एका बाईने विचारला होता. ती गोष्ट आधी सांगतो.

गुलाबाची तीस रोपे

आम्ही एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. 2012 सालच्या जूनमध्ये आम्ही मोठ्या हौसेने शाळेपुढे गुलाबाची 30 रोपे लावली. त्या वर्षी पावसाने दगा दिला. दिवाळीलाच विहिरीचा तळ दिसू लागला. गावात टँकर सुरू झाला.

मुले घरून येताना बाटलीत पाणी आणीत. त्यातले थोडे पीत आणि उरलेले गुलाबाला घालीत. आम्हांला त्यांचे फार कौतुक वाटे. प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्यांना शाबासकीही दिली.

एके दिवशी चौथीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. डोक्यावर रिकामा हंडा होता. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ''गुर्जी, टँकर चार दिसांनी येतोय. लेकरू पाणी पीत नाही, झाडाला घालतंय. झाडं तुमची जगत्याल, पर माझं लेकरू तहानलेलं घरी येतंय.''

आम्ही मान खाली घातली. काय उत्तर देणार? त्याच दिवशी गुलाबाचे पाणी बंद केले. मार्च उजाडेपर्यंत तीसही रोपे वाळून गेली.

पण शाळेच्या मागच्या कुंपणाशी एक कण्हेर होती. कोणी लावली, ठाऊक नाही. तिला कोणी थेंबभर पाणी घातलेले आम्ही पाहिले नव्हते. ती एप्रिलच्या उन्हात गुलाबी फुलांनी भरून गेली होती. तिच्यापलीकडे माळावर तरवड हिरवागार उभा होता. आम्ही पुस्तकातली बाग लावायला निघालो होतो. आपल्या मातीतली बाग तर आमच्या पाठीमागेच उभी होती.

तेव्हापासून आम्ही एक नियम धरला. फुलझाडासाठी वेगळी घागर आणायची नाही. घरात वापरून झालेले पाणी आणि छपरावरून पडणारे पाणी, एवढ्यावर जे जगेल तेच लावायचे. फूल हवे, पण त्यासाठी घरातल्या लेकीसुनांच्या डोक्यावर एक हंडा वाढता कामा नये.

झाड तहान कशी सोसते?

झाड मुळांनी पाणी पिते आणि पानांतून ते वाफ होऊन उडते. पानाला फार बारीक छिद्रे असतात. त्यांतून हे पाणी जाते. ज्या झाडाचे पाणी सावकाश उडते, ते झाड तहान सोसते.

कण्हेरीचे पान हातात घेऊन पाहा. ते अरुंद, जाड आणि चामड्यासारखे चिवट असते. तिची छिद्रे पानाच्या खालच्या बाजूला लहान लहान खळग्यांत दडलेली असतात. त्या खळग्यांत बारीक केस असतात. त्यामुळे वारा थेट छिद्राला लागत नाही आणि पाणी कमी उडते. रुईच्या पानावर पांढरी भुकटी आणि लव असते. तिचेही काम तेच. आपण उन्हात निघताना डोक्याला पटका किंवा पदर घेतो ना, तसेच हे.

दुसरी गोष्ट मुळांची. माळावरच्या झाडाची मुळे खोल जातात. वरची माती कोरडी पडली तरी खालची ओल त्यांना सापडते. म्हणून झाडाला रोज तांब्याभर पाणी घालू नये. रोज थोडे पाणी मिळाले, की मुळे वरच राहतात. मग एक आठवडा पाणी चुकले तरी झाड माना टाकते. पाच दिवसांनी एकदाच, पण भरपूर पाणी घातले, की ते खोल मुरते. मुळेही त्याच्यामागे खोल जातात.

कोणती झाडे लावावीत?

आम्ही स्वतः लावून पाहिलेली पाच झाडे सांगतो.

तरवड. हा आपल्या माळावरचाच. फुले पिवळीधमक. नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात, हे आपल्या तुळजाभवानीच्या मुलखात कोणाला सांगायला नको. पूर्वी याच्या सालीने कातडे कमावीत. शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत, ही मोठी सोय. शेंगा चपट्या, कागदासारख्या असतात. त्या वाळल्या की बी गोळा करावे. बियांचे टरफल कठीण असते. म्हणून चांगले गरम पाणी बियांवर ओतावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी पेरावे.

बोगनवेल. हिला कोणी कागदी फूल म्हणतात. ही मूळची ब्राझील देशाची. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी बूगनविल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी जगाच्या सफरीवर निघाला होता. त्याच्या सफरीत ती तिकडच्या लोकांच्या नजरेस आली आणि त्याचेच नाव तिला पडले. गंमत अशी, की जे रंगीत दिसते ते फूल नव्हेच. ती रंगीत पाने आहेत. खरे फूल आत असते, बारीक, पांढरट. आणखी एक गंमत म्हणजे हिला पाणी फार दिले तर नुसती पानेच वाढतात. पाणी जरा तोडले, की ती रंगाने भरते. आपल्या मुलखाला याहून सोयीचे झाड कोणते? बोटाएवढ्या जाडीची कांडी पावसाळ्यात लावली, की जगते. काटे असल्याने कुंपणालाही चालते.

शंकासुर. काही ठिकाणी याला गुलतुरा म्हणतात. लाल-पिवळे तुरे वर्षातले बरेच महिने येतात. पुरुषभर उंच होतो. बी भिजवून पेरले, की सहज उगवते. मात्र याच्या शेंगांतले बी मुलांना खाऊ देऊ नये.

कोरांटी. कंबरेएवढे काटेरी झुडूप. फुले पिवळी, पांढऱ्या आणि जांभळट फुलांचीही कोरांटी असते. पावसाळा सरला, की फुलायला लागते. बांधावर, खडकाळ जागीही येते. अंगणाच्या कडेने लावली, तर कुंपणाचे कुंपण आणि फुलांची फुले.

कण्हेर. पांढरी, गुलाबी, तांबडी अशी असते. शिसपेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर कांडी पावसाळ्यात लावावी. जरा खारट पाणीही ती सोसते. पण कण्हेरीबद्दल एक गोष्ट जाणून घेतल्याशिवाय ती लावू नये. ती पुढे सांगतो.

मोगरा आणि जास्वंद लावूच नये का? लावावी, पण एकच, आणि तीही मोरीच्या तोंडाशी. त्यांना पाणी जास्त लागते.

एक झाड मात्र मुळीच लावू नका. ते म्हणजे घाणेरी. तिचे रंगीबेरंगी झुबके दिसायला छान असतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी शोभेचे झाड म्हणून ती परदेशातून आपल्या देशात आणली. पाखरे तिची फळे खातात आणि बी रानोमाळ पसरवतात. मग ती गायरान गिळते, गवत मारते. तिचा पाला खाल्ला तर जनावर आजारी पडते. हौसेने लावलेले एक झाड साऱ्या गावाचे चरायचे रान खाऊन टाकते.

कण्हेरीचे विष

कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, सारे विषारी आहे. हे विष थेट हृदयावर जाते. वाळलेल्या पानातही ते तसेच राहते. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही तशीच. मुले तिच्या बिट्ट्या खेळायला घेतात. त्या फोडून आतले बी खाल्ले, तर जिवावर बेतते.

आमच्याच हातून एक चूक झाली. निवृत्तीनंतर आम्ही घरामागची कण्हेर छाटली. फांद्या परसात टाकल्या आणि आंघोळीला गेलो. शेजारची एक शेळी सुटून आली. हिरवी कण्हेर शेळी सहसा खात नाही. पण फांद्या उन्हाने सुकलेल्या होत्या आणि उन्हाळ्यात दुसरा पाला नव्हता. तिने चार तोंडे खाल्ले. संध्याकाळपर्यंत शेळी मेली. शेजाऱ्याला आम्ही शेळीचे पैसे दिले. पण तिची दोन करडे आठ दिवस ओरडत होती, त्याचे काय? ज्या झाडाने आम्हांला शहाणे केले, त्याच्यापुढेच आम्ही वेड्यासारखे वागलो.

म्हणून हे नीट ध्यानात ठेवा. घरात रांगते लेकरू असेल, तर कण्हेर आणि बिट्टी लावूच नका; तरवड, कोरांटी, बोगनवेल लावा. गोठ्याजवळ, आडाजवळ आणि जनावरांच्या हौदाजवळ कण्हेर नको, कारण पाने पाण्यात पडतात. छाटलेल्या फांद्या लगेच खोल पुराव्यात. त्या चुलीत घालू नयेत, धूरही वाईट. त्या काडीने दात घासू नयेत, कालवण ढवळू नये. छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत. कोणा मुलाने पान किंवा बी खाल्लेच, तर घरगुती उपाय करीत बसू नये. 108 क्रमांकाला फोन करावा किंवा लगेच सरकारी दवाखाना गाठावा. झाडाची एक फांदी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखता येते.

खड्डा आणि लावणी

खड्डा उन्हाळ्यातच घ्यावा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तो पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. म्हणजे हुमणी, वाळवी यांचा उपद्रव कमी होतो. मग वरची चांगली माती, दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि थोडा लिंबाचा पाला घालून भरावा. कच्चे शेण घालू नये. त्याने वाळवी येते.

आपली जमीन दोन तऱ्हेची. काळ्या जमिनीत पाणी टिकते. पण पावसाळ्यात चिखल होतो आणि मुळे कुजतात. तिथे खड्ड्यात दोन पाट्या मुरूम मिसळावा आणि झाड जरा उंचवट्यावर लावावे. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. तिथे गाळाची माती आणि शेणखत जास्त घालावे.

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून घाई करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर भिजली, की लावावे. पुढचे तीन महिने पाऊस पाणी घालतो. आपण फक्त तण काढायचे. दोन झाडांत तीन-चार हात अंतर ठेवावे. भिंतीपासून दोन हात दूर लावावे.

पैसे खर्च करायची गरज नाही. बोगनवेलीची कांडी शेजाऱ्याकडून मागून आणावी. तरवडाचे बी माळावर फुकट आहे.

पाणी कुठून आणायचे?

आता मुख्य गोष्ट. वेगळी घागर आणायची नाही, असे आम्ही म्हणालो. मग पाणी कुठले? त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट छपराची. आपले छप्पर 10 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे, असे धरू. त्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 93 लिटर पाणी पडते. 15 लिटरच्या सहा घागरी झाल्या! थोडे उडून, सांडून गेले तरी पाच घागरी हाती लागतात. हे पाणी आपण गटारात सोडतो. पागोळ्यांखाली लहान चर खणावा आणि तो झाडांच्या आळ्यांपर्यंत न्यावा. जमिनीत मुरलेली ही ओल दिवाळीनंतरही झाडाला पुरते. 1993 च्या भूकंपानंतर उमरगा आणि लोहारा भागात नवी गावे वसली. तिथे घरापुढे मोकळी जागा आहे. तिथे हे काम फार सोपे जाते.

दुसरी वाट मोरीची. टंचाईत माणसे दिवसाआड आंघोळ करतात, तीही अर्ध्या बादलीत. बादली 16 लिटरची धरली, तर एका माणसाला 8 लिटर लागतात. पाच माणसांना 40 लिटर. दिवसाआड म्हणजे रोजचे सरासरी 20 लिटर झाले. नव्या झाडाला पाच दिवसांनी 5 लिटर पाणी पुरे. म्हणजे पाच झाडांना रोजचे सरासरी 5 लिटर लागतात. 20 लिटरांतले 5 लिटर! ऐन टंचाईतही हा हिशेब बसतो.

अंगाच्या साबणाचे पाणी मातीत घालावे, पानांवर नको. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी घालू नये. सोड्याने काळी माती चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी बनते आणि तिच्यात पाणी मुरत नाही. मोरीचे पाणी आधी खडी-वाळूच्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे. पाणी साचू देऊ नये, नाहीतर डास होतात.

तिसरी वाट मडक्याची. तेरच्या गोरोबाकाकांचा हा जिल्हा. मडके आपल्याला नवे नाही. भाजलेल्या मातीच्या मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते. म्हणून तर माठातले पाणी गार होते. चार-पाच लिटरचे मडके झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरावे आणि वर झाकण ठेवावे. माती कोरडी पडली, की मडके पाझरते. माती ओली असली, की पाझर मंदावतो. जुने मडके पाझरत नसेल, तर बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घालावी. मडक्यात मात्र साबणाचे पाणी घालू नये. भांडी नुसती विसळलेले पाणी गाळून घालावे. ही युक्ती फार जुनी आहे. चीन देशातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथातही ती सांगितलेली आहे.

घातलेले पाणी उडून जाऊ नये, म्हणून आळ्यात पाचोळा, गवत किंवा तुरीचे भुसकट चार बोटे जाड पसरावे. बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नये. उन्हाळ्यात एकदा हे आच्छादन बाजूला करून पाहा. आतली माती ओली लागेल आणि उघडी माती भेगाळलेली दिसेल.

पाणी तोडायला शिकवा

पहिले वर्ष झाडाच्या बाळपणाचे. दिवाळीपासून पाच-सहा दिवसांनी पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी द्यावे. तिसऱ्या वर्षी फक्त चैत्र-वैशाखात महिन्यातून एकदा. त्यानंतर तरवड आणि कोरांटी पाण्याची वाटही पाहत नाहीत. पान जरा मलूल दिसले म्हणून लगेच पाणी घालू नये. दुपारी मलूल झालेले पान सकाळी ताठ दिसले, तर झाडाला तहान नाही असे समजावे.

फुलांचा भर ओसरला, की शेंडे छाटावेत. नवी फूट येते आणि नव्या फुटीवर फुले येतात.

त्या बाईची कांडी

2013 साली पाऊस बरा झाला. आम्ही शाळेच्या कुंपणाला तरवड आणि बोगनवेल लावली. मागची कण्हेर काढून टाकली, कारण शाळेत लहान मुले असतात. पहिल्या वर्षी मुलांचे हात धुतलेले पाणी झाडांना सोडले. पिण्याचे पाणी कोणी झाडाला घालायचे नाही, हे फळ्यावर लिहूनच ठेवले.

2015 साली पुन्हा दुष्काळ पडला. पुन्हा टँकर आला. पण कुंपणाची बोगनवेल त्या उन्हाळ्यात अशी रंगली, की रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहत.

एके दिवशी तीच बाई फाटकाशी आली. तिची लेक तोवर मोठ्या शाळेत गेली होती. बराच वेळ ती बोगनवेलीकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, ''गुर्जी, ह्या झाडाला हंडा लागत नाही न्हवं?''

आम्ही म्हणालो, ''नाही, बाई. याला तुमच्या मोरीचं पाणी बास होतं.''

''मग पाऊस पडल्यावर एक कांडी द्या आमास्नी.''

पावसाळ्यात आम्ही तिला कांडी दिली. ती तिने दारात लावली. आता तिच्या दारातल्या वेलीच्या कांड्या गल्लीतल्या बाया मागून नेतात.

तुम्हीही एक कांडी मागून आणा. लावा. जगली, की तुमच्या झाडाची एक कांडी शेजाऱ्याला द्या.